अर्जदाराच्या वाटेवरून ई-सेवा

२०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले सोयाबीन शेतात कुजले, काढून ठेवलेल्या गंज्या भिजल्या. महसूल व कृषी यंत्रणेने पंचनामे केले आणि नुकसानीची नोंद शासनदरबारी झाली. परंतु पीकविम्याच्या भरपाईची वेळ आली तेव्हा लक्षावधी शेतकऱ्यांचे दावे एका अटीपाशी अडले. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला त्याची पूर्वसूचना दिली पाहिजे, अशी ती अट होती. सूचना देण्यासाठी मोबाईलवरील ॲप होते, निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही होता. साधने कागदावर पुरेशी होती. ज्याच्या शिवारात पाणी साचले आहे, गावात वीज नाही आणि मोबाईलला रेंज नाही, त्याच्या हाती मात्र त्यांतले काहीच नव्हते.

हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातही कौल शेतकऱ्यांच्याच बाजूने लागला. जिल्ह्यातील सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांचा हा प्रश्न होता. विम्याच्या कायदेशीर बाजूचा ऊहापोह येथे करावयाचा नाही. सेवेची रचना करताना ती वापरणारा माणूस त्या घडीला कोठे उभा असेल याचा विचार झाला नाही, तर हक्क असूनही तो पदरात पडत नाही, एवढेच या घटनेतून घ्यावयाचे.

ई-सेवा म्हटले की संगणकाचा पडदा डोळ्यांपुढे येतो. वास्तविक पडदा हा सेवेचा एक लहानसा भाग होय. भूम किंवा परंडा तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून निघालेली विद्यार्थिनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रात येते, तेव्हा तिची सेवा घरूनच सुरू झालेली असते. कोणती कागदपत्रे न्यावयाची, हे तिला कोणी सांगितले होते का? शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत एका वेलांटीचा फरक असेल, तर काय करावे, हे तिला कोठे वाचावयास मिळेल? अर्ज त्रुटीसाठी परत आला, तर तो का परत आला, हे तिला समजेल अशा मराठीत लिहिलेले असेल का? दहावी-बारावीचे निकाल लागले की केंद्रांपुढे रांगा लागतात आणि प्रवेशाची मुदत सरत असते. त्या दिवसांत ‘कागदपत्र अयोग्य’ एवढ्या दोन शब्दांचा शेरा एखादे शैक्षणिक वर्ष घेऊन जाऊ शकतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने या वाटेला कायद्याचा आधार दिला. २८ एप्रिल २०१५ पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरली, पदनिर्देशित अधिकारी ठरला, आणि सेवा न मिळाल्यास प्रथम व द्वितीय अपिलाची व त्यापुढे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाण्याची सोय झाली. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ याच कायद्याच्या अंमलबजावणीचे प्रमुख साधन बनले. कायद्याने मुदत बांधून दिली; अर्ज सोपा कसा करावा, हे मात्र कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याचे आहे.

सातबाराचे नवे रूप

हे काम कसे करता येते याचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयाचे कारण नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ते आहे. सातबारा उतारा ऑनलाइन मिळू लागला, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आला, तरी त्याची मांडणी जुनीच होती. खाते क्रमांक एकीकडे आणि खातेदाराचे नाव दुसरीकडे असे. मयत खातेदारांच्या, फिटलेल्या कर्जबोजांच्या नोंदी नुसत्या कंसात राहत. कंसाचा अर्थ ‘ही नोंद आता लागू नाही’ असा असतो, हे तलाठ्याला ठाऊक असे, वाचणाऱ्याला नसे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने हा नमुना बदलला. खाते क्रमांक नावासमोर आला. कंसातील नोंदींवर आडवी रेघ मारली जाऊ लागली, म्हणजे रद्द झालेले रद्द झालेलेच दिसू लागले. दोन खातेदारांच्या मध्ये तुटक रेषा आली, प्रलंबित फेरफार स्वतंत्रपणे दिसू लागले, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख मिळू लागली, एकूण क्षेत्राची बेरीज आली. वरवर पाहता हे किरकोळ बदल वाटतील. परंतु एका आडव्या रेघेमुळे किती जणांची विचारणा करण्याची एक फेरी वाचली असेल, याची कल्पना तहसील कचेरीत बसणारा कोणीही करू शकेल.

याच नव्या नमुन्यात गावाच्या नावाबरोबर गावाचा सांकेतिक क्रमांकही छापला जाऊ लागला. धाराशिव जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या क्रमांकाचे महत्त्व फार आहे. येथील उमरगा तालुका इंग्रजी लिपीत कोठे ‘उमरगा’ असा, तर कोठे ‘ओमर्गा’ असा लिहिला जातो. कळंबची तीच गत. शिवाय कळंब नावाचा एक तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. धाराशिव हे नाव तर जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि शहराचेही. त्यात २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. जन्मनोंद, शाळेचा दाखला, जुने खरेदीखत यांवर उस्मानाबाद राहणारच. माणसाला दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत हे सांगावे लागत नाही, पण संगणकाला ते सांगावे लागते. जिल्हा निवडण्याच्या यादीत ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ एवढे लिहिले तर अर्जदार गोंधळत नाही, आणि आत क्रमांक एकच असला तर नोंदीही जुळतात. हा जिल्हा राज्य पुनर्रचनेपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, हैदराबाद राज्यात होता. जुन्या दप्तरात उर्दू आणि मोडी लिपीतील कागद आहेत. नावांच्या लेखनातील तफावत येथे एखाद्या कारकुनाच्या हलगर्जीपणातून आलेली नसून इतिहासातून आलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अर्जदारालाच दोष देण्याची सवय सुटेल.

एकच गोष्ट, एकच नाव

सुसूत्रता म्हणजे सर्व पडद्यांना एक रंग देणे नव्हे. एका संकेतस्थळावर ‘दाखला’, दुसऱ्यावर ‘प्रमाणपत्र’. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव स्वतंत्र रकान्यात, दुसरीकडे पूर्ण नावातच. छायाचित्राचा आकार प्रत्येक ठिकाणी वेगळा. प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीने केलेली ही रचना नागरिकाच्या दृष्टीने मात्र एकाच शासनाची असते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी आणि शेतकरी ओळख क्रमांक काढणारा त्याचा बाप एकाच केंद्रात एकाच बाकावर बसलेले असतात.

ब्रिटनने २०१२ साली आपली दोन मोठी शासकीय संकेतस्थळे मोडून एक केले आणि नमुना तयार करण्यापूर्वी तो सामान्य माणसांकडून भरवून पाहण्याचा नेम ठेवला. भारत सरकारनेही शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध केली व पुढे ती सुधारली. दृष्टिहीन व इतर दिव्यांग व्यक्तींना संकेतस्थळ वापरता यावे यावर त्यांत भर आहे. तत्त्वे आहेत, अडचण ती पाळण्याच्या ठिकाणी आहे.

चूक दुरुस्त करता येणे हाही सोपेपणाचाच भाग. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचे छायाचित्र काढावयाचे होते. पहिल्या हंगामातील अनुभवानंतर नव्या आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत ती दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. चुकून तुरीऐवजी दुसरे पीक नोंदले गेले, तर त्यासाठी तालुक्याला खेटे घालण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागील विचार योग्यच होता.

याउलट, रचनेत एक गृहीत धरलेली गोष्ट किती जणींना बाहेर ठेवू शकते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी दिसले. लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधाराचीही पडताळणी मागितली गेली. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांना पुढचा टप्पाच उघडेना. पुढे मुदत वाढवण्यात आली आणि अशा महिलांना मृत्यू दाखल्यासारखे कागद अंगणवाडी सेविकेमार्फत देण्याची वाट करून दिली गेली. वाट झाली हे चांगलेच. परंतु नमुना प्रसृत होण्यापूर्वी एखाद्या गावातील चार विधवा महिलांकडून तो भरवून पाहिला असता, तर ही अडचण एका दुपारी कळली असती.

अशी पाहणी करण्यास ग्रामपंचायतीइतके सोयीचे ठिकाण नाही. केंद्रचालकाला अर्ज कोठे अडतो हे रोज दिसते, पण त्याच्याकडून मागवले जाते ते फक्त किती अर्ज झाले याचे आकडे. तो अर्ज कोणत्या रकान्यापाशी थांबला, अर्जदाराने काय विचारले, कितव्या फेरीत काम झाले, याची एक साधी वही ठेवता येईल. महिन्याच्या शेवटी ग्रामसेवकाने व शाळेतील एखाद्या शिक्षकाने ती चाळावी आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत मांडावी. लोहाऱ्याच्या वहीत आणि वाशीच्या वहीत एकच रकाना वारंवार आढळू लागला, तर तो बदलण्याची शिफारस जिल्हाधिकारी कार्यालयाला पुराव्यानिशी करता येईल.