वाटीतले आईचे दूध

अंगावर पिणारे बाळ पिळून काढलेले दूध नाकारते, तेव्हा बहुधा पाजण्याची रीत त्याला अनोळखी असते. श्रीगोंद्याच्या ऊसपट्ट्यात आई कामावर गेली की आजीच्या हाती वाटी-चमचा किंवा बोंडले येते, आणि ते बरेच. कारण आई जवळ असली तर बाळ अंगावरच मागते. बाळ भुकेने रडण्याआधी, जवळजवळ बसते धरून, चमचा खालच्या ओठाला टेकवावा. दूध तोंडात ओतू नये, त्याचे त्याला चाटू द्यावे. साठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, कारण लायपेज हे विकर त्यातील चरबी फोडते. ते दूध निर्धोक असते, तरी न आवडल्यास ताजे द्यावे. २५ अंशांपर्यंत दूध ४ तास टिकते, इथल्या उन्हाळ्यात त्याहून कमी.