तोंडाला वास न येणारी नशा

नंदुरबार जिल्ह्यांतील सातपुड्याच्या पाड्यांना मोहाच्या फुलांची दारू नवी नाहीं. ती प्यालेला मनुष्य घरीं परतला म्हणजे त्याचें गुपित उंबरठ्यावरच फुटतें. तोंडाचा वास आणि पायांची चाल हे दोन साक्षीदार पुरेसे होतात. परंतु आज शहरांतील सुशिक्षित घरांत शिरूं पाहणाऱ्या एका नशेला असा साक्षीदारच नाहीं. तिचा तोंडाला वास येत नाहीं, पाय अडखळत नाहींत. उलट ती घेतलेला तरुण प्रथम अधिक उत्साही व बोलका दिसतो. या द्रव्याचें नांव मेफेड्रोन. बाजारांत त्याला ‘एम्. डी.’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात.

येमेन व पूर्व आफ्रिका या प्रदेशांत ‘खात’ नांवाच्या झुडपाचीं कोंवळीं पानें चघळण्याची जुनी चाल आहे. त्या पानांत कॅथिनोन नांवाचें उत्तेजक द्रव्य असतें. मेफेड्रोन हें त्याच कुळांतलें, पण सर्वस्वीं मनुष्यनिर्मित होय. १९२९ सालीं तें प्रथम प्रयोगशाळेंत तयार झालें आणि पुढें सुमारें पाऊणशें वर्षें रसायनशास्त्राच्या ग्रंथांत निपचित पडून राहिलें. २००३ च्या सुमारास आंतरजालावरून त्याची कृति पुन्हां पसरली. युरोपांतील नृत्यगृहांतून त्याचा प्रसार झाला. कायद्याला चकविण्यासाठीं विक्रेते त्यास ‘झाडांचें खत’ म्हणत! ब्रिटननें एप्रिल २०१० मध्यें व भारतानें फेब्रुवारी २०१५ मध्यें त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ५० ग्रॅम किंवा अधिक साठा व्यापारी प्रमाणांत मोडतो, आणि त्यास दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी व दंड आहे.

तथापि कायदा झाला म्हणून व्यापार थांबला नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें मुंबई पोलिसांनीं गुजरातेंतील अंकलेश्वर येथें पांचशें किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें पुणें जिल्ह्यांतील कुरकुंभच्या कारखान्यांत शेंकडों किलो सांपडलें. अंकलेश्वरहून बऱ्हाणपुराकडे जाणारा रस्ता अक्कलकुवा, तळोदें व शहादें यांवरून जातो. तेव्हां ही गोष्ट कोठें तरी दूरच्या मुंबईची, असें मानून स्वस्थ बसण्यासारखी स्थिति नाहीं.

ही पांढुरकी भुकटी नाकानें ओढतात किंवा पोटांत घेतात. आनंद व उमेद यांना साहाय्यभूत होणारीं डोपामिन, सेरोटोनिन इत्यादि द्रव्यें मेंदूंत बेताबेतानें पाझरत असतात. मेफेड्रोन जणूं त्या रांजणाचें बूडच फोडतें. सारें पाणी एकदम वाहतें. घटका-दोन घटका अपूर्व उल्हास वाटतो, भूक व झोंप पळते. मग रांजण कोरडा पडतो आणि मन खिन्न होतें. ती खिन्नता घालविण्यासाठीं पुन्हां भुकटी, आणि त्याच रात्रीं पुन्हां एकदां! व्यसनाचें बीज येथेंच पडतें.

शरीरावरील परिणाम याहून भयंकर आहेत. हृदय धडधडतें, रक्तदाब चढतो, अंग तापतें, जबडा आवळून दांत खातात, नाकांतून रक्त येतें. कित्येकांस नसते आवाज ऐकूं येतात व घरचीं माणसेंच वैरी वाटूं लागतात. झटके येऊन किंवा हृदय बंद पडून मृत्यूहि ओढवले आहेत. पुडींत दुसरें काय मिसळलें आहे हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें; आणि सोबत दारू असली तर धोका वाढतो.

म्हणून घरच्यांनीं वासावर न विसंबतां दुसऱ्या खुणा पाहाव्या: दोन-दोन रात्रींचें जागरण व मागून दिवसभर झोंप, एकाएकीं उतरलेलें वजन, सतत वाहणारें नाक, पैशांची चणचण, विनाकारण संशय. यांतील एखादी खूण इतर कारणानेंहि दिसेल. लगेच आरोप करूं नये, विचारपूस करावी. अंग फार तापलें, छातींत दुखूं लागलें किंवा झटके आले, तर गार जागीं न्यावें, बेशुद्धास कुशीवर निजवावें आणि विनाविलंब रुग्णालय गाठावें. या विषावर खास उतारा नाहीं. परंतु काय घेतलें हें डॉक्टरांस खरें सांगितलें, तर उपचार लौकर सुरू होतात. अब्रूसाठीं केलेली लपवालपवी येथें प्राणावर बेतते.

कायद्यानेंहि विक्रेता व व्यसनी यांत भेद केला आहे. अल्प प्रमाणांत सांपडलेला व्यसनी स्वखुषीनें मान्य संस्थेंत उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून सूट मिळूं शकते. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाहि मिळतो.

याच तळोद्याच्या परिसरांत १९३० नंतरच्या दशकांत गुलाम महाराजांनीं भिल्ल समाजाला दारू सोडण्याचा उपदेश केला. १९३८ मध्यें ते निवर्तल्यावर त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें चालविलें. हजारों माणसें आरतीला एकत्र जमत आणि एकमेकांच्या साक्षीनें व्यसन टाकीत. एकट्याला जें जड गेलें असतें, तें समुदायानें सुकर केलें. आजची नशा एकांतांत, बंद दाराआड घेतली जाते. तिच्यांतून सुटका मात्र एकांतांत होत नाहीं. ज्या घरांत मुलाला आपली चूक न भितां सांगतां येते, त्या घराचें दार उघडेंच असतें, आणि उपचाराचा पहिला मार्ग तेथूनच निघतो.