प्रमाणपत्राला पत हवी

सक्तीच्या शिक्षणाचा हक्क वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठव्या इयत्तेपर्यंत पोचतो. उपजीविकेचा प्रश्न नेमका त्यापुढे उभा राहतो. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात या दोहोंमधील अंतर विशेषच जाणवते. धान, भातगिरण्या, माजी मालगुजारी तलाव आणि तेंदूपाने यांच्याशी येथील अर्थव्यवहार निगडित आहे. या व्यवहाराला कसबी माणूस हवा आहे, आणि दहावी-बारावी झालेला तरुण मात्र कामाच्या शोधात नागपूर-रायपूरची गाडी धरतो आहे. या दोघांची गाठ का पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षणाच्या अभावात शोधण्याची प्रथा आहे. वस्तुतः मिळालेल्या प्रमाणपत्राला बाजारात पत नाही, हे दुखण्याचे मूळ आहे.

जुने संकल्प

विचारांचे दारिद्र्य आपल्याकडे कधीच नव्हते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शाळेतून शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, असा आग्रह धरला होता. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षण व्यवसायाभिमुख करण्याची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे लक्ष्य ठरविले. त्यानंतर महाराष्ट्राने किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू केले.

या संकल्पांचे फलित काय, याची कबुली २०२० च्या राष्ट्रीय धोरणातच आढळते. त्यात उद्धृत केलेल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. जर्मनीत ते ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडावा, असे या धोरणाने म्हटले. परिचय आणि पात्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे विसरून चालणार नाही.

कागद आणि हमी

उमेदवाराचे कसब मालकाला कामाआधी दिसत नाही; म्हणून तो प्रमाणपत्राकडे पाहतो. प्रमाणपत्र ही एक प्रकारची हमी आहे, आणि ती खोटी ठरत गेली की तिची किंमत उरत नाही. उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरणीचे उदाहरण घ्यावे. तेथील बॉयलर सांभाळण्यासाठी कायद्याने सक्षमता-प्रमाणपत्र असलेला परिचर लागतो. प्रत्यक्ष बॉयलरवर काम केल्याचा अनुभव असल्याखेरीज त्या परीक्षेला सहसा बसता येत नाही. त्यामुळे या कागदाला गिरणीमालक मानतो. त्याच गिरणीत यंत्रांची जोडणी वा विजेची दुरुस्ती करणाऱ्या माणसाची निवड बहुधा ओळखीवर होते, कारण वर्गात बसून मिळविलेल्या प्रमाणपत्रावर मालकाचा विश्वास बसत नाही. पहिल्या परीक्षेत काम पाहिले जाते, दुसरीत बहुतांशी उत्तरपत्रिका. फरक एवढाच, परंतु निर्णायक आहे.

यावर उपाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात आहे. पण तो गोंदियाच्या मापाचा नाही. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवरच उमेदवार घेण्याचे बंधन आहे. त्याखालच्या छोट्या गिरणीला ते ऐच्छिक आहे. एकट्या गिरणीला उमेदवाराचा भार पेलत नसेल, तर दहा-बारा गिरण्यांनी एकत्र येऊन तो उचलावा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने त्यांचा दुवा व्हावे. उमेदवार हंगामात गिरणीत आणि हंगामानंतर कार्यशाळेत शिकेल, तर दोन्ही ठिकाणांचा लाभ होईल. अंतिम परीक्षेत गिरणीतील जाणता कारागीरही परीक्षक असावा.

दुसरी सुधारणा कसबाच्या मोजणीची. मासळीचे बीज कधी सोडावे, तलावाचे पाणी कोणत्या महिन्यात किती उरते, हे ढीवर समाजातील तरुण घरातच शिकतो. २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत अशा आधी आत्मसात केलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची तरतूद आहे. ती मान्यता चार दिवसांच्या शिबिराने उरकण्याऐवजी मत्स्यसंस्थांच्या तलावावर, कामाच्या कसोटीने दिली जावी.

आक्षेप खरा आहे

या साऱ्याला एक गंभीर आक्षेप घेतला जातो. मालगुजाराच्या मुलाने वकील व्हावे आणि ढीवराच्या मुलाने जाळे विणत राहावे, अशी व्यवस्था नव्या नावाने पक्की करावयाची काय? हा आक्षेप केवळ भावनिक म्हणून झटकता येणार नाही. व्यवसाय शिक्षणाकडे पालक पाठ फिरवतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. शारीरिक श्रमाची वाट पुढे बंद होते, हे त्यांनी पाहिले आहे.

म्हणून पुढची वाट मोकळी ठेवणे ही सुधारणेची पूर्वअट मानली पाहिजे. दहावीनंतर दोन वर्षांचे औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पुढे पदवीचीही सोय आहे. मात्र ही शिडी देवरी वा सालेकसा तालुक्यातील किती पालकांना ठाऊक असते? प्रवेशाच्या वेळीच ती समजावून सांगितली जावी, गणित आणि भाषा यांची कमतरता भरून काढणारे वर्ग प्रशिक्षण संस्थेतच चालावेत, आणि आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाची जागा प्रवेशाबरोबरच निश्चित व्हावी.

नवी योजना, नवे नाव आणि नवा फलक यांची जिल्ह्याला उणीव नाही. उमेदवार कोठे लागला, किती वेतनावर लागला आणि वर्षाने तेथेच टिकला काय, याची नोंद प्रत्येक संस्थेने दरवर्षी गावात जाहीर करावी. अनुदानही केवळ पटसंख्येवर न देता या नोंदीशी जोडावे. ज्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी कामाला लागत नाहीत, तो बदलण्याचे धैर्य शासनाने दाखविले, तर पालकांची पाठ फिरलेली आहे ती पुन्हा वळू शकेल.