प्रगत इंग्रजी शब्दसंपदेची जडणघडण : मराठी माध्यमातून आलेल्या पदवी विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

कोल्हापूरला इंग्रजी शिक्षणाची जुनी परंपरा आहे. राजाराम महाविद्यालय १८८० साली सुरू झाले आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या उच्च शिक्षणाचा प्रारंभ याच महाविद्यालयात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला व १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. अशा रीतीने बहुजन समाजातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाची दारे टप्प्याटप्प्याने उघडत गेली. तथापि दाराच्या आत आलेल्या विद्यार्थ्याला अडविणारा एक उंबरठा अद्याप शिल्लक आहे. तो म्हणजे इंग्रजी शब्दसंपदेचा.

महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी हा विषय सुरू केला. म्हणजे आज पदवी वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने किमान बारा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला असतो. तरीही अर्थशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा इंग्रजी संदर्भग्रंथ हाती दिला की तो दुसऱ्या परिच्छेदाशी थांबतो आणि मार्गदर्शकाकडे, म्हणजे बाजारातील ‘गाईड’कडे वळतो. असे का होते, आणि महाविद्यालयीन अध्यापकांना याबाबत काय करता येईल, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांचे तीन थर

वाचनाच्या दृष्टीने इंग्रजी शब्दांचे स्थूलमानाने तीन थर मानता येतात. पहिला थर नित्य व्यवहारातील शब्दांचा. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. वेस्ट यांनी अविभाजित बंगालमध्ये अनेक वर्षे शैक्षणिक कार्य केले होते, ही बाब आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. हा थर शालेय शिक्षणात बऱ्याच अंशी आत्मसात होतो. तिसरा थर विषयाच्या परिभाषेचा : ‘फोटोसिंथेसिस’, ‘इन्फ्लेशन’, ‘डिप्रिसिएशन’ इत्यादी. हे शब्द अवघड दिसतात, परंतु ते विषयशिक्षक वर्गात समजावून सांगतात, पुस्तकात त्यांच्या व्याख्या असतात आणि परीक्षेतही ते विचारले जातात.

खरी अडचण मधल्या थराची आहे. ‘असेस’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘सिग्निफिकंट’, ‘एव्हिडंट’, ‘व्हॅरी’, ‘इंटरप्रिट’ हे शब्द कोणत्याही एका विषयाचे नाहीत, पण सर्व विषयांच्या पुस्तकांत पानोपानी येतात. न्यूझीलंडमधील संशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, विधी व विज्ञान या शाखांतील सुमारे ३५ लक्ष शब्दांच्या लेखनाचा अभ्यास करून २००० साली अशा ५७० शब्दकुलांची यादी सिद्ध केली. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेला परिवार. उदाहरणार्थ ‘ॲनलाइज’, ‘अनॅलिसिस’, ‘ॲनालिस्ट’, ‘ॲनालिटिकल’. ही ५७० कुले शैक्षणिक लेखनाचा सुमारे दहा टक्के भाग व्यापतात. म्हणजे अशा ग्रंथातील सरासरी दर दहावा शब्द या थरातील असतो.

हा दर किती निर्णायक आहे ते साध्या गणिताने कळते. वाचकाला ९५ टक्के शब्द येत असतील तर दर वीस शब्दांमागे एक शब्द अडतो, म्हणजे साधारणतः दर दोन ओळींत एक अडथळा. ९८ टक्के शब्द येत असतील तर पन्नासांत एकच अडतो व त्याचा अर्थ संदर्भाने लावता येतो. विनासाहाय्य वाचनासाठी ९८ टक्क्यांची पातळी लागते असे पॉल नेशन प्रभृती अभ्यासकांचे मत आहे. ज्याचा मधला थर कच्चा आहे त्याचा विषय पक्का असूनही वाचन मात्र पांगळे राहते.

हा थर शिकवायचा कोणी? इंग्रजी विभागाला वाटते की हे विषयशिक्षकांचे काम आहे. विषयशिक्षकांना वाटते की भाषा ही इंग्रजी विभागाची जबाबदारी आहे. या दोहोंच्या मध्ये विद्यार्थी उभा असतो. परिणामी, मराठीत विषय उत्तम समजलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात, स्पर्धा परीक्षेत किंवा मुलाखतीत मागे पडतो आणि त्याच्या बुद्धीविषयीच चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

केवळ यादी पाठ करणे अपुरे का?

शब्दसंपदा वाढविण्याचा रूढ मार्ग म्हणजे समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणे. पाठांतर त्याज्य नाही. गोखल्यांच्या पाठांतराची वाखाणणी चरित्रकारांनीही केली आहे. परंतु सुटे शब्द पाठ करणे आणि वाक्यांसह, संदर्भांसह भाषा मुखोद्गत करणे यांत अंतर आहे. यादीतून शब्दाचा अर्थ मिळतो. त्याची सोबत आणि त्याची पायरी मिळत नाही.

प्रथम सोबतीचा विचार करू. मराठीत आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो आणि थापही मारतो. येथे ‘मारणे’ या क्रियापदाचा कोशातील अर्थ परभाषिकाच्या कामी येत नाही. आपल्याला स्वप्न ‘पडते’ आणि थंडी ‘वाजते’. इंग्रजीतही असेच संकेत आहेत. आपण लक्ष ‘देतो’, इंग्रजीत ते ‘पे’ करतात. आपण निर्णय ‘घेतो’, इंग्रजीत तो ‘मेक’ किंवा ‘टेक’ करतात. आपण परीक्षा ‘देतो’, तर इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. शब्दांच्या या सहवासाला भाषाविज्ञानात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ही संकल्पना भाषाविज्ञानात रुजविणारे जे. आर. फर्थ हे १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात प्राध्यापक होते.

दुसरी बाब पायरीची. ‘मेला’, ‘वारला’, ‘निधन झाले’ यांचा अर्थ एकच, पण कोठे कोणता शब्द वापरावा हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इंग्रजी यादीत मात्र ‘डाय’, ‘पेरिश’, ‘पास अवे’ एकाच ओळीत येतात आणि विद्यार्थी त्यांतील सर्वांत भारदस्त दिसणारा शब्द निवडतो. प्रगत शब्दसंपदा म्हणजे अवघड शब्दांचा साठा नव्हे. योग्य ठिकाणी योग्य शब्द सुचणे होय.

परिसरातील इंग्रजीचा उपयोग

आपल्या विद्यार्थ्याची पाटी कोरी नसते. साखर कारखान्याच्या परिसरातील विद्यार्थ्याला ‘क्रशिंग’ व ‘रिकव्हरी’ हे शब्द बालपणापासून ठाऊक असतात. त्याच्या लेखी रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा. सहकारी बँकेत तोच शब्द कर्जवसुलीसाठी येतो, रुग्णालयात प्रकृती सुधारण्यासाठी आणि अर्थशास्त्रात मंदीनंतरच्या सावरण्यासाठी. ‘गेलेले परत मिळणे’ हे सूत्र दाखविले की हे अर्थ एका धाग्यात ओवले जातात.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील ‘कास्टिंग’ म्हणजे ओतकाम. बाबूराव पेंटरांच्या आणि १९२९ साली येथेच स्थापन झालेल्या ‘प्रभात’च्या नगरीत तोच शब्द पात्रनिवडीसाठीही परिचित आहे. दोहोंच्या मुळाशी ‘टाकणे’ हा अर्थ आहे आणि त्यावरूनच मत टाकणे, संशय घेणे, सावली पाडणे या अर्थांचे इंग्रजी प्रयोग उलगडतात. जातिवाचक ‘कास्ट’ शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आलेला व निराळ्या वर्णलेखनाचा आहे, हेही तेथेच सांगावे.

मराठीत येताना अर्थ बदललेल्या शब्दांबाबत सावधगिरी हवी. आपले ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा उपाहारगृह, इंग्रजीत ते मुक्कामाचे ठिकाण. आपले ‘टेन्शन’ म्हणजे काळजी, भौतिकशास्त्रात ते दोरीतील ताण.

संस्कृतशी असलेले नातेही उपयोगी पडते. दंत व ‘डेंटल’, नव व ‘इनोव्हेशन’, मृत व ‘मॉर्टल’, जन् व ‘जेनेसिस’ यांचा संबंध विल्यम जोन्स यांनी १७८६ साली मांडलेल्या भाषाकुलाच्या विचारातून स्पष्ट होतो. उपसर्ग व प्रत्ययांनी शब्द घडतात हे मराठी व्याकरणातून विद्यार्थ्याला माहीत असते. तीच दृष्टी इंग्रजी शब्दांकडे वळवावयाची आहे. मात्र प्रत्येक ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे. ‘बदनाम’ मधील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचे साम्य योगायोगाचे आहे.

कोशाचा वापर

मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली आणि कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. द्विभाषिक कोशांची ही परंपरा मोलाची आहे आणि अर्थ चटकन कळण्यासाठी मराठी प्रतिशब्द घेण्यात कमीपणा नाही. परंतु शब्द वापरावयाचा असेल तर विद्यार्थिकोश पाहणे आवश्यक ठरते. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील विद्यार्थ्यांसाठी केलेला असा कोश १९४२ साली निघाला व पुढे ऑक्सफर्डने तो स्वीकारला. १९७८ च्या लाँगमन कोशाने सुमारे २,००० शब्दांतच सर्व व्याख्या दिल्या. अशा कोशांत उदाहरणवाक्ये व शब्दांची सोबत दिलेली असते.

विषयशिक्षकांसाठी कार्यपद्धती

५७० शब्दकुले पदवीच्या सहा सत्रांत विभागल्यास प्रत्येक सत्राला ९५ येतात. सत्राचे १५ आठवडे धरल्यास आठवड्याला सहा-सात कुले होतात. एवढे काम कोणत्याही विषयशिक्षकाला अशक्य नाही.

१. शब्द यादीतून न देता त्या आठवड्याच्या पाठ्यांशातून निवडावेत.
२. प्रत्येक शब्दासाठी विद्यार्थ्याने एक कार्ड करावे. त्यावर मूळ वाक्य, मराठी अर्थ, सोबतीचे दोन शब्द व शब्दकुल लिहावे.
३. उजळणी त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने करावी. एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखविल्याप्रमाणे विस्मरण आरंभी वेगाने व नंतर मंदगतीने होते. म्हणून उजळणीतील अंतर वाढते ठेवावे.
४. अंतर्गत मूल्यमापनातील एका उत्तरात त्यांपैकी काही शब्दांचा वापर अपेक्षित असावा. जो शब्द लिहिला गेला तोच आपला झाला.

यापलीकडची वाढ वाचनानेच होते. नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार सर्वसाधारण इंग्रजी लेखन सहज वाचण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. इतके शब्द कोणताही वर्ग शिकवू शकत नाही. परंतु मधला थर पक्का झाला की वाचन सुरू होते आणि पुढील शब्द वाचनच शिकविते.

समारोप

शब्दसंपदेचा प्रश्न हा केवळ भाषेचा नाही, तो शैक्षणिक समतेचा आहे. घरी इंग्रजी पुस्तके असलेल्या मुलाला मधला थर नकळत मिळतो. शाहूवाडी किंवा चंदगडच्या वाडीतून आलेल्या मुलाला तो महाविद्यालयानेच द्यावा लागतो. त्यासाठी मराठी बाजूला सारण्याचे कारण नाही. मराठीत समजलेला विषय हे विद्यार्थ्याचे भांडवल आहे आणि नव्या शब्दाची ओळख त्या आधारावरच पक्की होते. हे काम एका विभागाचे न राहता प्रत्येक विषयशिक्षकाने आठवड्यातील सहा-सात शब्दांपुरते जरी पत्करले, तरी तीन वर्षांच्या अखेरीस विद्यार्थी गाईड बाजूला ठेवून मूळ ग्रंथ उघडण्याचे धाडस करील.