पाय टेकले की हात लिहितो

मुरुडच्या एका शाळेत तिसरीतल्या एका मुलाच्या आईनं मला व्हरांड्यातच गाठलं. ती पर्यटकांच्या कॉटेजमध्ये साफसफाईचं काम करते, अर्धा दिवस भरून आली होती. म्हणाली, "मॅडम, पोरगा पाढे धडाधड म्हणतो, गोष्ट सांगतो. पण वहीत चार ओळी लिहून होत नाहीत. सगळे आळशी म्हणतात. घरीच ठेवू का याला?"

आजीचं म्हणणं, धागा बांधून आणा. शेजारीण म्हणे, मोठा झाला की सुधारेल. मी म्हटलं, आधी त्याला वर्गात लिहिताना बघू द्या.

बाक उंच होता आणि त्याचे पाय लोंबकळत होते. तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं त्यानं बाकाची कड घट्ट धरलेली. वही धरायला हात मोकळाच नव्हता, त्यामुळे प्रत्येक अक्षराला वही सरकायची. मग तो पेन्सिल इतकी दाबायचा की कागद फाटायचा, आणि दहा मिनिटांत बोटं दुखायला लागायची. यात आळस कुठे आला?

शाळेतलाच एक जुना लाकडी पाट पायाखाली ठेवला. पाय टेकले, पाठ सरळ झाली, डावा हात वहीवर आला. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे धरायला जाड आणि न निसटणारी. बाईंना सांगितलं, सध्या पाच ओळी लिहून घ्या, बाकीची उत्तरं तोंडी घ्या. बाई काही वाईट नव्हत्या. हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

माझं काम हेच. त्याला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात, आणि या नावानं फार घोटाळा होतो. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "म्हणजे पोराला नोकरी लावून देणार का?" इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, तर माणसाची रोजची कामं. मुलाची कामं म्हणजे खेळणं, जेवणं, बटणं लावणं, दप्तर भरणं, लिहिणं. फिजिओथेरपिस्ट पायात बळ कसं येईल ते पाहतात. त्या पायांनी शाळेची पायरी कशी चढायची, हे आम्ही पाहतो. आणि पायरी चढवतच नसेल तर तिच्या बाजूला उतार करायला सांगतो. आपल्याकडे या विद्येचं शिक्षण मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

वर्गाइतकंच महत्त्वाचं ठिकाण म्हणजे शाळेचं संडास. तोल न सांभाळता येणारी मुलं तिथे जायला घाबरतात. काही मुली तर जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि हळूहळू शाळा सुटते. भिंतीला एक लोखंडी नळी पक्की बसवली, की धरून बसता-उठता येतं. खर्च किरकोळ, पण मागणी करावी लागते.

बाबासाहेबांना वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. म्हणून एखादं अपंग मूल 'त्याला त्रास नको' असं सांगून मागच्या कोपऱ्यात बसवलेलं दिसलं, की मला राहवत नाही.

मग घरी काय बघायचं? रविवारी विहारात मुलं मांडी घालून बसतात, तेव्हा बघा. एखादं मूल दोन मिनिटांतच भिंतीला किंवा शेजारच्याला टेकतं का? वयाच्या इतर मुलांना जमणारं बटण, चप्पल, डब्याचं झाकण त्याला जमत नाही का? एखाद्या गोष्टीवरून घाबरू नका, पण तीन-चार गोष्टी सतत दिसत असतील तर दाखवा. बोटांच्या सरावासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. भिजवून मोड आणलेले वाल सोलायला द्या. चिमटीत धरून दाणा सालीतून सटकवायचा, याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. भाकरीचं पीठ मळणं, कपड्यांना चिमटे लावणं, ओलं फडकं पिळणं, हेही तसंच. मुलगा असला तरी द्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवसायोपचारकाची कायमची जागा नसते, ही खरी अडचण आहे. तरी हातात काही वाटा आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि काय दिसतं ते तोंडानं सांगा, कारण गर्दीत डॉक्टरांना बटण न लागणारं मूल कळत नाही. मुख्याध्यापकांना सांगून गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवायला लावा. प्रमाणपत्रासाठी अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. मुरुडहून रेवदंड्यावरून जवळजवळ पन्नास किलोमीटर, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरीही ते काढाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात लिहिण्या-वाचण्यातली अध्ययन अक्षमताही येते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मागतानाही हाच कागद लागतो. आणि खासगी उपचारांना जाणार असाल, तर समोरच्याची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा. मालिश करून पैसे उकळणारे खूप आहेत.

तो तिसरीतला मुलगा अजून सावकाशच लिहितो. परवा दहा ओळी झाल्या, अकरावीला त्यानं पेन्सिल ठेवून दिली. पाट कुणीतरी उचलून नेला होता, तो त्यानं स्वतः शोधून आणला. वाल मात्र आता तो आजीपेक्षा भराभर सोलतो, असं आई सांगत होती.