‘कोणी केला?’ आणि ‘कां केला?’

रहस्यकथा म्हटली कीं शेरलॉक होम्स डोळ्यांपुढें उभा राहतो. खून कोणी केला तें कळलें कीं पुस्तक मिटावें आणि दिवा मालवावा! परंतु जपानी ग्रंथकार सेइचो मात्सुमोतो यांनीं ‘कोणी केला?’ यापेक्षां ‘कां केला?’ हा प्रश्न मोठा मानला, आणि त्यांच्या देशांतील रहस्यकथेला निराळें वळण लागलें.

मात्सुमोतो यांचा जन्म १९०९ सालचा. क्यूशू बेटावरील कोकुरा येथें त्यांचें बालपण दारिद्र्यांत गेलें. प्राथमिक शिक्षण संपतांच त्यांना एका वीज कंपनींत पोऱ्याची नोकरी धरावी लागली. पुढें ते शिळाछापखान्यांत उमेदवार झाले आणि नंतर ‘असाही’ वृत्तपत्राच्या कचेरींत जाहिरातींचीं चित्रें काढूं लागले. चाळिशी गांठल्यावर, मोठ्या कुटुंबाचा भार शिरावर असतांना, १९५० सालीं त्यांनीं एका साप्ताहिकाच्या स्पर्धेंत कथा पाठविली. ती निवडली गेली. १९५३ सालीं तर त्यांना मानाचें अकुतागावा पारितोषिक मिळालें.

‘बिंदु आणि रेषा’ (१९५८) या कादंबरींत समुद्रकिनाऱ्यावर एका सरकारी नोकराचें व एका तरुणीचें प्रेत सांपडतें. सर्वांना ती प्रेमिकांची आत्महत्या वाटते. टोकिओ स्टेशनच्या १३ क्रमांकाच्या फलाटावरून १५ क्रमांकाचा फलाट सायंकाळीं अवघीं ४ मिनिटें दिसतो. एरवीं मध्यें गाड्या उभ्या असतात. एवढ्याशा धाग्यावरून तपास चालतो, आणि हातीं येतें तें वरिष्ठांच्या लांचलुचपतीचें प्रकरण!

१९६०-६१ मध्यें ‘योमिउरि’ पत्रांतून क्रमशः आलेली ‘वाळूचें भांडें’ ही कथा तर मनाला चटका लावते. मारला गेला आहे एक निवृत्त पोलीस. इतका सज्जन कीं त्याला वैरी मिळेना. त्यानेंच पूर्वीं गांवोगांव भटकणाऱ्या एका कुष्ठरोग्याची व त्याच्या लहानग्या मुलाची सोय लावली होती. तो मुलगा आज नामांकित संगीतकार आहे. युद्धांत ओसाका शहरांतील कुटुंब-नोंदी जळाल्या, तेव्हां त्यानें खोटें कुळ व खोटें नांव धारण केलें. आतां खरें कुळ ठाऊक असणारा उपकारकर्ताच त्याला शत्रु वाटतो!

जपानांत कुष्ठरोग्यांना सक्तीनें वेगळें ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत होता. रोग बरा होऊं लागला, तरी घराण्याला लागलेला डाग पुसला जात नव्हता. मात्सुमोतो १९९२ सालीं निवर्तले. त्यांच्या कथेंत खुनी सांपडतो खरा. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यांत तो एकटाच उभा आहे, असें वाचकाला वाटत नाहीं. कुळाच्या अब्रूपायीं माणसाला स्वतःचा बाप लपवावा लागावा, हा अपराध कोणाच्या नांवें मांडावयाचा?