अंडे की नुसता दगड?

गुजरातमधील बालासिनोरजवळ रैयोली गावात एक आजी गोल दगडाने मसाला वाटत असत. बालासिनोरच्या बाबी घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी तो दगड ओळखला. ते डायनासोरचे अंडे होते! या गावात १९८०च्या दशकातच भूवैज्ञानिकांना हाडे व अंडी सापडली होती.

म्हणून अंगणातला प्रत्येक गोल दगड अंडे समजावा का? मुळीच नाही. नुसत्या आकारावर जाऊ नका, असे आम्ही वाचकांना सांगू. तुटलेली कड पाहा. खऱ्या अंड्याला साधारणपणे काही मिलिमीटर जाडीचे, आतल्या दगडाहून वेगळे कवच असते. भिंगातून त्यावर बारीक उंचवटे दिसतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा गोळा मात्र कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. तो लाव्हा थिजून झालेला. त्यात अंडे टिकणार कसे? रैयोलीची अंडी चुनखडीच्या थरात मिळाली.

शंका आल्यास दगड फोडू नका, पैसे देऊन घेऊही नका. जागा टिपून, फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. आलेल्या बातमीची शहानिशा करा, अशी कुरआनची शिकवण आहे. दगडाच्या बाबतीतही ती पाळू या.